‘फ्री सर्व्हिसिंग’ला गेले अन् बिल घेऊन आले! मोटरसायकलच्या लेबर चार्जचा हिशोब आधी का सांगत नाहीत?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सुट्या भागांवरचा करही १८ टक्के झाला. गाडी घेताना पैसे वाचले, हे खरं. पण सर्व्हिसिंगच्या मजुरीवर आधीही १८ टक्के होते, आताही तेवढेच आहेत. आणि खेड्यातल्या माणसाचा खिसा रिकामा होतो तो याच मजुरीपायी.

फ्री म्हणजे नेमकं काय?

फ्री सर्व्हिसिंगमध्ये फक्त मजुरी माफ असते. ऑइल, फिल्टर याचे पैसे गिऱ्हाइकालाच द्यावे लागतात. पुस्तिकेत हे छापलेलं असतं, पण गाडी विकताना कोणी सांगत नाही. कूपनला मुदतही असते. ठरलेले दिवस किंवा किलोमीटर, जे आधी भरेल ते. पेरणीच्या नाहीतर काढणीच्या घाईत तारीख हुकली की कूपन गेलं. मग मजुरी खिशातून द्यायची, वर वॉरंटीवरून वाद.

बिल फुगतं कुठे?

फ्री सर्व्हिसिंग संपल्यावर खरी गंमत सुरू होते. सर्व्हिसिंगची ठरलेली मजुरी एक, त्यात ब्रेक शू बदलला की त्याची वेगळी, चेन साफ केली तर आणखी वेगळी. टेफ्लॉन कोटिंग, इंजिनची कार्बन सफाई अशी न सांगितलेली कामंही बिलात दिसतात. समजा मजुरी ८०० रुपये झाली, तर करासह ९४४ होतात. आधी सांगितलेला आकडा मात्र बिनकराचा असतो.

गावातला मिस्त्री का चालत नाही?

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन अन् सेन्सर आले. बिघाड शोधायला स्कॅनर लागतो, तो गावातल्या गॅरेजवाल्याकडे बहुतेक नसतो. वॉरंटी जाईल ही भीती वेगळीच. त्यामुळे तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावंच लागतं. दिवस मोडतो, रोज बुडतो. संध्याकाळी धारेची वेळ झालेली, घर तीस-चाळीस किलोमीटरवर, गाडी त्यांच्या ताब्यात. अशा वेळी बिलावर भांडणार कोण? माणूस निमूट पैसे देतो.

सर्व्हिस सेंटरवाल्यांचीही बाजू आहे. शिकलेले मेकॅनिक, मशिनरी, जागेचं भाडं हे सगळं नुसत्या गाडी विक्रीवर निघत नाही. कामाचे पैसे घ्यावेत, त्याला कोणाची ना नाही. लोकांची तक्रार आहे ती न विचारता काम करून नंतर आकडा पुढे करण्याची.

कायदा काय म्हणतो?

मजुरीचा दर सरकार ठरवत नाही, म्हणून ‘जास्त घेतले’ एवढ्यावर तक्रार टिकणं अवघड. पण न सांगता केलेल्या कामाचे पैसे, पक्कं बिल न देणं यावर दाद मागता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. पार्टच्या पाकिटावरची एमआरपी सगळे कर धरूनच असते, तिच्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. हे बिलावर जरूर तपासावं.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

गाडी सोडतानाच हे करा

जॉबकार्डवर कामं आणि करासह अंदाजे खर्च लिहून घ्या. ‘याशिवाय काम निघालं तर फोन करून विचारा’ असं त्यावर लिहायला लावा, मगच सही करा. जॉबकार्डचा मोबाइलवर फोटो काढा. बदललेले जुने पार्ट परत मागा. बिलात पार्ट आणि मजुरी वेगवेगळी दाखवायला सांगा.

कुठल्या कामाला किती मजुरी, याचा मराठी फलक काउंटरवर लावायला सर्व्हिस सेंटरला फार खर्च येणार नाही. हॉटेलात चहाचा भाव भिंतीवर असतो, मग हजारोंच्या कामाचा का नसावा? तालुक्यातल्या ग्राहक संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी एवढी मागणी जरी लावून धरली, तरी काउंटरवरचे निम्मे वाद मिटतील.