श्वासात न सापडणारी नशा

कार्तिक पौर्णिमेला चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. त्याच सुमारास छत्रपती संभाजीनगरहून कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांच्या यात्रेसाठी श्रावक-श्राविका पायी निघतात. विहारात साधू-साध्वींना वाहनाची धडक बसल्याच्या बातम्या समाजाने वारंवार वाचल्या आहेत. गावोगावच्या विहारसेवा गटांतील तरुण चमकणारी जाकिटे घालून त्यांच्या पुढे-मागे चालतात, ते याच धास्तीने. ईर्यासमिती पाळून चार हात भूमी न्याहाळत चालणाऱ्याने आपल्याकडून घडणारी हिंसा टाळण्याची पराकाष्ठा केलेली असते. मागून येणाऱ्या वाहनाचा चालक शुद्धीवर आहे की नाही, हे पाहणे मात्र त्याच्या हाती नसते. ते काम कायद्याचे आहे; आणि दारूच्या बाबतीत नेमका असलेला हा कायदा अमली पदार्थांच्या बाबतीत फारच मोघम आहे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ चे दोन भाग आहेत. पहिला दारूविषयी. दर १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळला की गुन्हा सिद्ध होतो. वाहन कसे चालवले, हा प्रश्नच उरत नाही. दुसरा भाग अमली पदार्थांविषयी, आणि तेथे आकडाच नाही. वाहनावर योग्य ताबा ठेवण्यास चालक असमर्थ ठरेल इतका तो अमलाखाली होता, हे सरकार पक्षाने सिद्ध करायचे असते. हे सिद्ध करणे किती अवघड आहे, ते न्यायालयाची पायरी चढलेल्या कोणालाही सहज उमगेल.

रस्त्यावरची साधनेही याच भेदाला धरून आहेत. जालना रोडवर रात्री नाकाबंदी लागते, तेव्हा पोलिसांच्या हाती ब्रेथ ॲनालायझर असतो. हे यंत्र केवळ मद्यार्क ओळखते. चालकाने झोपेच्या गोळ्या घेतल्या असोत, गांजा ओढला असो वा मेफेड्रोन घेतले असो, यंत्रावर शून्यच उमटते. कलम २०४ अन्वये रक्ताचा नमुना मागायचा, तर आधी श्वासचाचणीत मद्यार्क दिसला पाहिजे किंवा चालकाने ती चाचणी नाकारली पाहिजे. ज्याने केवळ गोळ्या घेतल्या आहेत आणि जो निमूटपणे यंत्रात फुंकर मारतो, तो या जाळ्यातून अलगद निसटतो. त्याला अटक करून सर्वसाधारण फौजदारी प्रक्रियेतील वैद्यकीय तपासणीचा मार्ग पोलिसांना मोकळा असतो. परंतु कलम २०२ नुसार अटकेपासून दोन तासांत तपासणी झाली नाही, तर त्याला सोडून द्यावे लागते. रात्री दोन वाजता नाकाबंदीवरील मोजके मनुष्यबळ, घाटी रुग्णालयातील गर्दी आणि दोन तासांची मुदत यांचा मेळ घालण्याची अपेक्षा एका हवालदाराकडून केली जाते.

२०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड २,००० रुपयांवरून १०,००० रुपयांवर नेला आणि अमली पदार्थाची व्याख्या विस्तृत केली. दोन्ही गोष्टी योग्यच होत्या. परंतु मुद्दलाची नोंदच नसलेल्या खात्यावर दंडव्याजाचा दर वाढवून वसुली होत नसते. मोजमापाची तरतूद राहून गेली.

ही चर्चा छत्रपती संभाजीनगरला दूरची नाही. ‘बटन’ या नावाने विकल्या जाणाऱ्या नायट्राझेपामसारख्या गोळ्या या शहरातील पोलीस कारवायांच्या बातम्यांत वर्षानुवर्षे येत आहेत. झोप न येणाऱ्या रुग्णासाठी बनवलेले औषध वस्त्यांतील मुले नशेसाठी गिळतात आणि त्यांतील काही पुढे रिक्षाच्या किंवा दुचाकीच्या मुठीवर हात ठेवतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने अहमदाबाद गुन्हे शाखेसह शहरात आणि पैठण औद्योगिक वसाहतीत छापे घातले, तेव्हा कोकेन, केटामाइन आणि मेफेड्रोनचा कोट्यवधी रुपयांचा साठा हाती लागला होता.

इतर देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने डिसेंबर २००४ मध्ये रस्त्यावरच लाळेची चाचणी सुरू केली. इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०१५ पासून ठरावीक पदार्थांच्या रक्तातील मर्यादा कायद्याने निश्चित झाल्या. आज अशा पदार्थांची संख्या १७ आहे. लाळेची चाचणी हा तेथे केवळ प्राथमिक इशारा असतो, पुरावा रक्ततपासणीचाच. डायझेपामसारखी औषधेही या यादीत आहेत. मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे औषध घेतलेल्या आणि वाहन नीट चालवणाऱ्या रुग्णाला बचावाचा हक्क आहे. हा भाग फार महत्त्वाचा आहे. गांजाचे अंश अंमल उतरल्यानंतरही शरीरात राहतात, आणि मनोविकाराची औषधे नियमित घेणारे कित्येक जण जबाबदारीने वाहन चालवतात. मर्यादा विचार न करता ठरवल्या, तर गुन्हेगार सुटून रुग्ण अडकायचा. शिवाय नवे यंत्र म्हणजे नाक्यावर अडवणुकीचे नवे निमित्त, ही शंकाही अनाठायी नाही. पुण्यातील कल्याणीनगरच्या मे २०२४ मधील अपघातात दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. त्या प्रकरणात अल्पवयीन चालकाचा रक्तनमुना रुग्णालयातच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली होती. म्हणून नमुना घेण्यापासून अहवालापर्यंतच्या प्रत्येक हस्तांतराची नोंद कायद्यानेच बंधनकारक केली पाहिजे. यंत्रचालित वाहने हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. संसदेची वाट न पाहता महाराष्ट्राचे विधिमंडळ राष्ट्रपतींच्या संमतीने अशी दुरुस्ती करू शकते, आणि जिल्ह्यातील आमदारांकडे तशी मागणी करण्यास कोणाचीही आडकाठी नाही.

सर्व अपघात नशेनेच होतात, असे मात्र समजू नये. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर वैजापूर तालुक्यात समृद्धी महामार्गावर भाविकांचे वाहन ट्रकवर आदळून १२ जण दगावले; तेथे ट्रक महामार्गावर थांबवला गेल्याचा मुद्दा पुढे आला.

उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राने हिंसेच्या व्याख्येत प्रमादाला स्थान दिले आहे, आणि श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे. समाजातील अनेक कुटुंबे औषधविक्रीत आहेत. औषध नियमांच्या अनुसूची एच-१ मध्ये नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम आणि कोडीन आहेत. ती विकताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण स्वतंत्र नोंदवहीत लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. चिठ्ठीविना दिलेली एक पट्टी त्या वहीत दिसत नाही. ती कोणाच्या खिशात गेली, हेही दुकानदाराला कळत नाही.

ट्रक आणि ट्रॅव्हल्सच्या व्यवसायातही समाजबांधव आहेत. चालक जागे राहण्यासाठी काय घेतो, हे ठाऊक असूनही त्याला पाठवणाऱ्या मालकाने कलम १८८ वाचून पाहावे. गुन्ह्यास साहाय्य करणाऱ्यालाही कलम १८५ चीच शिक्षा आहे. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने चालकाचे काम सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास ठरवले आहे. नागपूर-पुणे रात्रीच्या फेरीवर दुसरा चालक दिला, तर महिनाअखेरीस एक पगार वाढतो. तो वाचवण्यासाठी एकाच माणसाला सलग रात्री जागवले जाते, आणि गोळीची गरज तेथूनच सुरू होते.