गोबरगॅसच्या टाकीतून बाहेर येणारी स्लरी जंतुमुक्त असते का?

२०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात गोबरधन योजनेतून ५०० नवे प्रकल्प जाहीर झाले. चर्चा झाली ती गॅसची आणि खताची. पण शेणातल्या रोगजंतूंचं काय होतं?

ताज्या शेणात ई. कोलाय, साल्मोनेलासारखे जीवाणू आणि जंतांची अंडी असू शकतात. गोबरगॅसच्या बंद टाकीत हवा नसते. तिथे शेण कुजवणारे जीवाणू अन्न फस्त करतात, आम्लं आणि अमोनिया तयार होतात आणि रोगजंतू घटतात.

किती घटतात, हे तापमान आणि दिवसांवर ठरतं. ५० ते ५५ अंश सेल्सियसला बरेच रोगजंतू लवकर मरतात. ३५ अंशांच्या आसपास त्याला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. आपल्याकडच्या घरगुती टाक्या तापवल्या जात नाहीत. महाराष्ट्रात शेण साधारण ४० दिवस आत राहील असा हिशोब धरतात, पण थंडीत काम मंदावतं. रोज नवं शेण पडत असल्याने त्यातलं थोडं वेळेआधीच बाहेर येऊ शकतं. क्लॉस्ट्रिडियमचे बीजाणू तर टिकूनच राहतात.

थोडक्यात, स्लरी ताज्या शेणापेक्षा सुरक्षित असते, पण निर्जंतुक नसते. त्यामुळे कोथिंबीर, काकडीसारख्या कच्च्या खायच्या पिकांवर ती थेट ओतू नये. खड्ड्यात पालापाचोळ्याबरोबर नीट कुजवून मगच वापरावी.

नव्या प्रकल्पांचं यश मोजताना गॅसइतकीच स्लरीची तपासणीही व्हायला हवी. कारण त्या खतावर पिकलेली भाजी आपल्याच ताटात येणार आहे.