दिवे सहा, तेल नाही!

दिवाळी अंकात लिहायचे तर चांगल्या चित्रपटावर लिहावे, असा शिरस्ता आहे. पण मी आज एका फसलेल्या चित्रपटाची आठवण काढणार आहे. कारण तो पाहून आमच्या घरात जेवढी चर्चा झाली, तेवढी चांगले चित्रपट पाहूनही कधी झालेली नाही.

हा चित्रपट म्हणजे २०१९ च्या एप्रिलमध्ये आलेला 'कलंक'. आमच्या सौभाग्यवती 'तेजाब'पासून, म्हणजे १९८८ पासून, माधुरी दीक्षितच्या एकनिष्ठ भक्त. त्यात वीस वर्षांहून अधिक काळाने ती संजय दत्तबरोबर येणार. शिवाय आलिया भट, वरुण धवन, सोनाक्षी सिन्हा आणि आदित्य रॉय कपूर! तेव्हा पहिल्याच रविवारी आम्ही उभयता नाशिकच्या एका मल्टिप्लेक्सात जाऊन बसलो.

कथा फाळणीच्या काळातली. कॅन्सरने आजारी असलेली सत्या आपल्यामागे नवऱ्याला कोणी तरी असावे, म्हणून रूपला घरात आणते. धाकट्या बहिणींच्या भल्यासाठी रूप राजी होते, पण आधी रीतसर लग्न करा म्हणते. एका छपराखाली एक नवरा, एक मरणाच्या वाटेवरची बायको आणि एक नवी नवरी! आणखी काय हवे होते हो? पण चित्रपट या घरात बसायलाच तयार नाही. तो नाचमहालात जातो, बैलांच्या झुंजीत जातो. रूप आणि जफर होडीत बसून मोठमोठी वाक्ये बोलतात, पण प्रेमात कधी पडले ते कळतच नाही. खोटे कशाला बोलू? बिनोद प्रधानांचे छायाचित्रण देखणे आहे, सरोज खान यांनी बसवलेल्या नृत्यात माधुरी आजही नजर हलू देत नाही. पण नृत्य संपले, की मी घड्याळ पाही!

अशा वेळी नाशिककराला दादासाहेब फाळके आठवायचेच. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या या माणसाला १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती करायला बाई मिळेना. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले! पुढे फाळक्यांनी नाशकात बिऱ्हाड आणले आणि इथेच चित्रपट काढले. त्यांच्यापाशी नामांकित नटी नव्हती, पण शब्दाखातर राज्य, बायको आणि मुलगा गमावणाऱ्या राजाची गोष्ट होती. 'कलंक'मध्ये दिवे सहा, तेही चांदीचे. तेल मात्र कोणी घातले नाही.

परतताना सौभाग्यवती गप्प होत्या. मला वाटले, माधुरीसाठी हळहळत असतील. रात्री पाने वाढताना एकदम म्हणाल्या, "त्या सत्याचे काय हो? स्वतःच्या हाताने सवत आणली, त्या रात्री तिला झोप लागली असेल का? तेवढे एक दाखवले असते, तर माधुरी नसती तरी मी तीन तास बसले असते."

"सोनाक्षीने ते केलेही असते," मी म्हणालो.

"करू दिले तर ना!" आणि आमटीचा डाव हातात तसाच धरून त्यांनी विचारले, "आणि त्या जागी मी असते, तर तुम्ही हो म्हणाला असता का?"

आमटी निवली. एवढा अवघड प्रश्न त्या पावणेतीन तासांत एकाही नटाच्या वाट्याला आला नव्हता. मी "छे!" म्हणालो खरा, पण जरा उशिरा म्हणालो, असे घरात अजून ऐकवले जाते.