दाखला म्हणजे सिद्धता नव्हे!

आमच्या खराडीत मुळा-मुठेच्या काठी काचेचे इमले उभे राहिले आहेत. आपला बाळ्या एके दिवशी त्यांत जाऊन बसावा, एवढीच इथल्या आईबापांची मनीषा. तिला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यांच्या एका लाडक्या वाक्याला : "मास्तर, पोराला प्रोग्रॅमिंग येऊ द्या, त्या सिद्धता-बिद्धता हव्यात कशाला?"

मी पडलो मॅट्रिक, कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. तरीही ठणकावून सांगतो, सिद्धतेवाचून संगणक शिकणे म्हणजे कायद्यावाचून वकिली शिकणे होय!

फराळाचेच पाहा. एका इमारतीतली घरे दोघा-दोघांत ताटांची अदलाबदल करतात. ज्यांची अदलाबदल विषम संख्येच्या घरांशी झाली, अशी घरे मोजा. ती सम भरणारच! संगणक हजार इमारती मोजून 'होय' म्हणेल. पण हजारएकाव्या इमारतीची हमी कोण देणार? ती सिद्धता देते. प्रत्येक अदलाबदल दोन घरांच्या खाती पडते, म्हणून साऱ्या घरांची बेरीज सम. तीतून सम आकडे वगळले, तरी उरलेल्या विषम आकड्यांची बेरीज समच राहते. आणि ती सम यायची, तर ते आकडेही सम संख्येनेच असले पाहिजेत. झाले! जगातल्या साऱ्या इमारती आटोपल्या. घरांच्या जागी संगणक ठेवा, ताटांच्या जागी तारा. महाविद्यालयात ज्याला 'डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स' म्हणतात, ते हेच.

'अनुभव आला की पुरे' म्हणणाऱ्यांनी थोर गणिती ऑयलर याची गोष्ट ऐकावी. सहा पलटणींतले सहा हुद्द्यांचे छत्तीस अधिकारी चौकोनात असे उभे करायचे, की प्रत्येक आडव्या-उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकदाच यावा. ते जमेना. तेव्हा सहाच काय, दहा, चौदा, अठरा यांनाही ते जमणार नाही, असा त्याचा १७८२ साली छापलेला तर्क. सहापुरता तो खराही ठरला. पण १९५९ साली राजचंद्र बोस, पार्कर आणि नागपुरात शिकलेले आपले शरदचंद्र श्रीखंडे यांनी दहापासून पुढचा सारा तर्क खोटा पाडला! एवढ्या थोर माणसाचा शब्द पावणेदोनशे वर्षांनी पडला. मग तुमच्या आमच्या अनुभवाची काय कथा?

आता तर प्रोग्रॅमही यंत्रच लिहून देते. मग माणसाने करायचे काय? ते बरोबर आहे की नाही, हे ठरवायचे! आणि नेमके तेच आपण शिकवीत नाही. दहावीच्या भूमितीत 'पक्ष, साध्य, सिद्धता' हे मथळे पोरे स्तोत्रासारखी घोकतात. गुण मिळतात, आणि 'कशावरून?' हा प्रश्न मेलेला असतो.

वाचकहो, शिकवणीची फी खुशाल भरा. पण पोराने 'कशावरून?' विचारले, तर त्याला उद्धट म्हणू नका. त्याचे खरे शिक्षण तेथेच सुरू झालेले असते.