भाकरी, भात आणि हवामान

अवेळी पाऊस आणि गारपीट सोसलेल्या शेतकऱ्यास हवामान बदलत आहे हे निराळे सांगावयास नको. परंतु आपल्या रोजच्या ताटाचाही त्या बदलाशी संबंध आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात आलेली नाही.

भातखाचरात पाणी साचून राहिले म्हणजे मातीत हवा खेळत नाही. अशा मातीतील सूक्ष्म जंतू मिथेन वायू तयार करतात व तो बहुतांशी भाताच्या काडीतून वर निघून जातो. वजनास वजन धरल्यास, शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कर्बवायूच्या सुमारे २८ पट उष्णता वाढवितो. बागायती गव्हास पाच-सहा पाणी द्यावी लागतात आणि पंपाची वीज आपल्या राज्यात आजही मुख्यतः कोळशापासूनच होते. याउलट मोहोळ येथे निवडलेली मालदांडी ३५-१ ही रब्बी ज्वारी काळ्या जमिनीतील ओलीवरच पोसते. दाणा घरास, कडबा गोठ्यास. दुष्काळी वर्षी कडब्यासाठीच ज्वारी पेरली, असे म्हणणारे शेतकरी सोलापूरकडे आजही भेटतात.

कोकणातील शेतकऱ्याने भात सोडावा, असे कोणी शहाणा म्हणणार नाही; तेथील पावसात दुसरे काय तग धरणार? उन्हाळी भातास मात्र पाणी सतत तुंबवून न ठेवता, मधून मधून आटू देऊन पुन्हा दिल्यास मिथेन पुष्कळ कमी होतो व पाणीही वाचते.

मग ज्वारी मागे का पडली? काढणीस मजूर मिळत नाहीत, हे खरेच. पण मुख्य कारण दुकानात आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्याचाही समावेश होता. शिधापत्रिकेवर मिळत आले ते मुख्यतः गहू-तांदूळ. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, भाषणेही पुष्कळ झाली. गरिबाचे अन्न म्हणून हिणविलेली भाकरी आता शहरातील हॉटेलांत चढ्या दराने विकली जाते, हा एक विनोदच!

घरातील स्त्रीने काय रांधावे, याचा उपदेश करून काही साधेल असे आम्हांस वाटत नाही. जे स्वस्त मिळते तेच शिजते. ज्वारीची हमीभावाने वेळेवर खरेदी व्हावी आणि ती त्याच जिल्ह्यातील शिधावाटप दुकानांत यावी, ही मागणी प्रथम हवी. शाळेच्या पोषण आहारात तांदुळाच्या जोडीस गावचीच ज्वारी आठवड्यातून एखादा दिवस देता येईल काय, हा प्रश्न गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेतच मांडावा. त्यासाठी वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.