नाव न विचारणारा रेडिओ

इंग्लंडमध्ये आज नवी गाडी घेतली की तिच्यात डिजिटल रेडिओ असतोच. आमची गाडी मात्र २००९ सालची. इंजिन ठणठणीत आहे, गंजाने अजून दारांच्या खालच्या कडेपलीकडे मजल मारलेली नाही, फक्त तिच्यातल्या मूळच्या टेपला एफएम आणि मीडियम वेव्ह यांच्यापलीकडचं जग ठाऊक नाही. म्हणून तिला वरून डिजिटल रेडिओ बसवायचं मी ठरवलं, आणि बसवलाही. त्यावर इथल्या ओळखीच्या मराठी मंडळींचा प्रश्न एकच: खिशात फोन असताना हे खूळ कशाला?

उत्तर आहे माझ्याकडे. पण आधी हे यंत्र बसवतात कसं ते सांगते, कारण ते उत्तर काचेवर चिकटवलेल्या एरियलपासूनच सुरू होतं.

जुन्या गाडीला डिजिटल करण्याचे मार्ग तीन. पहिला, मूळचा टेप उपसून नवा बसवायचा. आवाजाच्या दृष्टीने हा सर्वांत चांगला. पण टेप, घड्याळ आणि स्टीअरिंगवरची बटणं यांचं इतकं मेतकूट असतं की एकाला हात लावला की बाकीचे रुसतात. दुसरा मार्ग आळशी माणसाचा: घरातला बॅटरीवरचा रेडिओ शेजारच्या सीटवर ठेवायचा. गाडीच्या पत्र्याआड बसून त्याला फारसं काही ऐकू येत नाही. तिसरा मार्ग मी निवडला. मुठीत मावेल एवढं खोकं डॅशबोर्डवर चिकटवायचं, त्याला सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून वीज द्यायची आणि आवाज ऑक्सच्या तारेने जुन्या टेपला पुरवायचा. ऑक्स नसेल तर हे खोकं स्वतःच एक चिमुकलं एफएम केंद्र होतं आणि जुन्या टेपला एखाद्या रिकाम्या फ्रिक्वेन्सीवर कार्यक्रम ऐकवतं. लंडनच्या आसपास मात्र एफएमवर रिकामी जागा शोधता शोधता नाकी नऊ येतात.

सगळी मेख एरियलमध्ये आहे. इथला डिजिटल रेडिओ, म्हणजे डॅब, २२० मेगाहर्ट्झच्या आगेमागे चालतो. त्याची लहर एफएमच्या लहरीच्या निम्म्याहूनही आखूड, साधारण १३६ सेंटिमीटर. तिच्या पाव लांबीचं, म्हणजे ३४ सेंटिमीटरचं, एरियल तिला मानवतं. छपरावरची जुनी काडी एफएमच्या मापाची, म्हणून ती इथे कामाची नाही. दुकानात मिळते ती पारदर्शक पट्टी, आतून तांब्याच्या रेषा असलेली. पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात, ड्रायव्हरच्या नजरेआड, ती आतून चिकटवायची. आधी काच स्पिरिटने लख्ख पुसायची. पट्टीचा एक लांब भाग उभा ठेवायचा, कारण इथली डॅबची लहर उभ्या दिशेने डोलते. काचेत धातूचा पातळ थर असेल, तर ही पट्टी आंधळी होते. अशा गाडीला एरियल बाहेरच लावावं लागतं.

पट्टीला एक छोटी तांब्याची शेपटी असते. ती अर्थिंगची. तिचं टोक काचेशेजारच्या खांबाच्या उघड्या पत्र्याला टेकलंच पाहिजे. प्लास्टिकच्या आवरणावर चिकटवून काम भागलं असं वाटतं, पण मग निम्मी स्टेशनं येतच नाहीत. दाराचं रबरी बीडिंग ओढायचं, चपट्या प्लास्टिकच्या पट्टीने खांबाचं आवरण हलकेच उचकायचं आणि शेपटी आतल्या धातूला लावायची. इथे एक गोष्ट जपायची. त्या आवरणावर ‘एअरबॅग’ असं कोरलेलं असेल तर आत पडद्यासारखी उलगडणारी एअरबॅग घडी करून ठेवलेली असते. तार तिच्या पुढून नेली तर अपघाताच्या क्षणी एअरबॅग अडेल किंवा ती तार तोंडावर येईल. तार नेहमी तिच्या मागून न्यायची. एवढा आत्मविश्वास नसेल तर सरळ मेकॅनिकला पैसे मोजावेत.

हे झालं की शोधाचं बटण दाबायचं. पडद्यावर स्टेशनांची नावं ओळीने उतरू लागतात. आकडे नाहीत, काटा नाही, नुसती नावं. बीबीसीचं राष्ट्रीय डॅब प्रक्षेपण २७ सप्टेंबर १९९५ ला सुरू झालं. आज ते ९७ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचतं आणि देशभर एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतं. त्या फ्रिक्वेन्सीचं नाव १२बी. तिच्यावरून एकत्र जाणाऱ्या स्टेशनांच्या गठ्ठ्याला मल्टिप्लेक्स म्हणतात: एकच एसटी आणि तिच्यात बसलेली अनेक स्टेशनं. शास्त्रीय संगीताच्या रेडिओ थ्रीला ऐसपैस १९२ किलोबिटची जागा, तर बोलक्या फाइव्ह लाइव्हला ६४ किलोबिटमध्ये अंग चोरून बसावं लागतं, तेही मोनोमध्ये.

एकाच फ्रिक्वेन्सीवर शेकडो मनोरे बोलले तर गोंधळ व्हायला हवा. एफएमवर होतोच. डॅबमध्ये मात्र आवाज १५३६ बारीक वाहक लहरींवर वाटून पाठवतात आणि दर तुकड्यानंतर किंचित उसंत ठेवतात. दूरच्या मनोऱ्यावरून उशिरा येणारी तीच लहर त्या उसंतीत मिसळून जाते आणि अडथळा होण्याऐवजी मदतच करते. म्हणून लंडनहून स्कॉटलंडला निघालं तरी वाटेत बटणाला हात लावावा लागत नाही.

आता दुसरी बाजू. एफएमचा आवाज दूर जाताना आधी खरखरतो, मग विरत जातो. डिजिटलला मधली पायरी नाही. वेल्सच्या डोंगरांत शिरलं की आधी बुडबुड, मग एकदम शून्य. काही महागडे टेप अशा वेळी गुपचूप एफएमवर उडी मारतात. पण डिजिटल एफएमच्या काही सेकंद मागे असतं, त्यामुळे वाक्याचा मधलाच तुकडा गळतो आणि परतताना तोच तुकडा दोनदा ऐकू येतो. या उशिराचा खरा बळी म्हणजे बीबीसीचे वेळ सांगणारे पिप्स. ५ फेब्रुवारी १९२४ पासून इंग्रज माणूस त्यांच्यावर घड्याळ लावत आला. डिजिटलवर ते अजूनही तितक्याच गंभीरपणे वाजतात आणि दर तासाला उशिरा येतात.

शिवाय एफएम बंद केलं की त्याचा खर्च ऐकणाऱ्याच्या खिशातून जातो. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय स्टेशनांचं एफएम बंद केलं, तसं करणारा तो पहिला देश. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०२४ च्या अखेरीला तेच केलं. नवी गाडी घेणाऱ्याला त्याची झळ लागत नाही. जुनी गाडी रेटणाऱ्याला खोकं, एरियल आणि मजुरी असा भुर्दंड. ब्रिटनने निदान २०३० पर्यंत एफएम चालू ठेवायचं ठरवलंय, हे त्यातल्या त्यात शहाणपण.

मग फोन का नको? याचं पहिलं उत्तर मला क्रिकेटने दिलं. कसोटीचं समालोचन १९५७ पासून ज्या कार्यक्रमातून ऐकू येतं, त्या ‘टेस्ट मॅच स्पेशल’ला वर्षानुवर्षं १९८ किलोहर्ट्झच्या लाँग वेव्हवर जागा होती. जुलै २०२३ मध्ये ती संपली. आता ते प्रामुख्याने एका निव्वळ डिजिटल स्टेशनवर असतं. ४ ऑगस्ट २०२५ चा सोमवार आठवा. ओव्हलवर भारत-इंग्लंड कसोटीचा पाचवा दिवस, इंग्लंडला हव्यात ३५ धावा, आपल्याला चार बळी. मी मोटरवेवरच्या एका थांब्यावर गाडी उभी करून ऐकत होते. शेजारच्या गाडीत एक पंजाबी काका फोनवर तेच समालोचन लावून बसलेले. हात गळ्यात बांधलेला इंग्लंडचा वोक्स मैदानात उतरला तेव्हा दोन्ही गाड्यांच्या काचा खाली होत्या. सिराजने अॅटकिन्सनची यष्टी उडवली, आपण सहा धावांनी जिंकलो, मी ओरडले. आणि काका माझ्याकडे रागाने बघू लागले. त्यांच्या फोनवर सिराज अजून धावत यायचा होता! इंटरनेटवरचं प्रसारण डॅबच्याही बरंच मागे असतं. वोक्सच्या निमित्ताने झालेली ओळख सिराजमुळे जवळपास मोडलीच होती.

पण सेकंदांचा हिशेब हे लहान कारण. मोठं कारण पाठवण्याच्या पद्धतीत आहे. इंटरनेटवर प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळी प्रत निघते. श्रोते वाढले की यंत्रणेवरचा ताण वाढतो. मनोऱ्याला मात्र दहा जण ऐकताहेत की दहा लाख, याने काहीच फरक पडत नाही. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदम गेली. मोबाइलचे मनोरे धापा टाकत बंद पडू लागले आणि लोक रस्त्यावर उभ्या गाड्यांच्या रेडिओभोवती जमले. बॅटरीवरचे छोटे रेडिओ दुकानांतून हातोहात गेले. गाडीत बॅटरी असते, एरियल असतं, स्पीकर असतात. संकटात आणखी काय लागतं?

तिसरं कारण मला सर्वांत प्रिय आहे. फोनवरचं अॅप आधी खातं उघडायला लावतं, मग आपण काय ऐकलं, कुठे थांबलो, काय अर्ध्यावर टाकलं याची वही ठेवतं. माझ्या डॅशबोर्डवरच्या खोक्याला परत बोलताच येत नाही. लहर येते ती एकाच दिशेने. मी कोण, कुठे चालले, हे त्याला कळत नाही आणि कुणाला कळवताही येत नाही. या एकाच दिशेच्या वाटेचं मोल मुंबईने १९४२ मध्ये पाहिलंय. ‘चले जाव’च्या दिवसांत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी काँग्रेस रेडिओ चालवत होते. जागा बदलत बदलत, पोलिसांना चकवत. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी केंद्र पकडलं, उषाताईंना तुरुंगवास झाला. बोलणारे सापडले, पण ऐकणाऱ्यांची यादी मिळणं शक्यच नव्हतं, कारण अशी यादी मुळात तयारच होत नव्हती. आज आपण साधं गाणं ऐकायचं तरी स्वतःहून त्या यादीत नाव लिहितो.

ही सगळी विलायतेची कथा नाही. भारताने डॅबची वाट धरली नाही. आकाशवाणीने डीआरएम नावाची पद्धत निवडली. ती मीडियम वेव्हवरही चालते, म्हणून एकाच ट्रान्समीटरचा आवाज फार लांब पोचतो आणि मीडियम वेव्हची जुनी खरखर मात्र जाते. त्यासाठी आकाशवाणीने देशभर तीसहून अधिक ट्रान्समीटर उभे केले. आणि गंमत म्हणजे तुम्हाला माझ्यासारखं बीडिंग उचकावंही लागत नाही: भारतातल्या अनेक मोठ्या मोटार कंपन्यांनी काही मॉडेल्समध्ये डीआरएमचा रेडिओ कारखान्यातच बसवून दिलाय. अशा लाखो गाड्या रस्त्यावर आहेत. माझ्या पुण्याच्या बहिणीच्या गाडीत तो होता; तिला कुणी सांगितलं नव्हतं. शोरूममधल्या मुलाने सनरूफ दोनदा उघडून दाखवलं होतं, रेडिओ एकदाही लावला नव्हता. तुमच्या गाडीच्या पडद्यावर एफएम आणि एएमच्या शेजारी डीआरएम अशी अक्षरं दिसतात का, एवढं आज बघा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, खासगी डिजिटल रेडिओसाठी शिफारशी केल्या. सुरुवात तेरा मोठ्या शहरांतून. महाराष्ट्रातली त्यात मुंबई, पुणे आणि नागपूर. धंद्याच्या हिशेबाने ते बरोबरच, जाहिराती तिथेच मिळतात. पण मुंबई, पुणे आणि नागपूर या तिन्ही ठिकाणी फोनला चांगली रेंजही मिळते. भर पावसात आंबोलीच्या घाटात फोनच्या दांड्या गळतात, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. एकाच दिशेने येणाऱ्या, लांब पल्ल्याच्या आवाजाची गरज खरी तिथे आहे. खासगी केंद्रं तिथे जाणार नाहीत. ते काम आकाशवाणीचं. तिच्याकडे ट्रान्समीटर आहेत, लोकांच्या गाड्यांत रेडिओ आहेत. उरलं ते एवढंच की त्या लहरीवर कुणीतरी मराठीत, वेळेवर, कामाचं बोलायला हवं. कुठला घाट बंद आहे आणि कुठल्या पुलावर पाणी आहे, एवढं सांगितलं तरी लोक ते बटण शोधून काढतील.