नववीतल्या मुलीचा दिवस

किशोरवयीन मुलांवरची कथा वास्तवाला धरून आहे की नाही, हे आपल्याकडे बहुधा विषयावरून ठरवले जाते. कथेत प्रेमप्रकरण आले, बापाची दारू आली, शरीराचे चार उल्लेख आले, की ती धीट आणि वास्तववादी. ते नसले की बाळबोध. ही मोजपट्टी आम्हाला चुकीची वाटते. पंधरा वर्षांच्या मुलाविषयी खरे लिहिले आहे का, हे तपासायचे तर दोन गोष्टी पाहाव्यात. त्याचा दिवस कशात जातो, आणि स्वतःच्या आयुष्याबद्दल त्याला अजून काय उमगलेले नाही. यंदाच्या अंकातला कथाविभाग आम्ही याच वयासाठी राखून ठेवला आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

न उमगण्याची गोष्ट आधी घेऊ, कारण ती मराठीत फार सुंदर साधली गेली आहे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ 2004 साली आली. काळ आणीबाणीचा, सांगणारा नववीतला मुकुंद जोशी. देशात काय चालले आहे ते त्याच्या कानावर मोठ्यांच्या बोलण्यातून पडते आणि बरेचसे तसेच ओघळून जाते. त्याचे सगळे ध्यान त्याला आवडणाऱ्या शिरोडकरकडे. लेखकाला पुढचा इतिहास ठाऊक आहे, पण तो मुलाच्या तोंडी घालण्याचा मोह त्यांनी आवरला. प्रकाश नारायण संतांच्या कथांतला लंपन तर वयाने आणखी लहान. आजीआजोबांच्या घरात त्याला जे दिसते ते तो सांगतो, त्याचा अर्थ लावण्याचे काम वाचकावर सोडतो. कानडीच्या वळणाची त्याची बोली मुंबई-पुण्याच्या वाचकाला अडली नाही. ‘मुलांना प्रमाणभाषाच द्यावी’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, कारण सोलापुरात घरी तेलुगू किंवा कानडी, वर्गात मराठी, अशा दोन-तीन भाषांत एकाच दिवशी वावरणारी मुले हजारो आहेत आणि आमच्या कथांमध्ये मात्र ती सगळी एकसारखी बोलतात.

आता दिवसाची गोष्ट. मुकुंदला शाळा सुटल्यावर मोकळी संध्याकाळ असते. सोलापूर शहराच्या पूर्व भागात, जिथे यंत्रमागाचा आवाज घरात येतो आणि आई कारखान्यातून आणलेली पाने-तंबाखू घेऊन विड्या वळायला बसते, तिथल्या मुलीची संध्याकाळ अशी मोकळी नसते. मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते. पाने कापायला, दोरा बांधायला एक हात वाढला तर हजाराचा आकडा लवकर गाठतो. ती मुलगी गणितात नापास झाली तर ते आळसाने झाले की त्या हजाराने, हे कथाकाराला माहीत असले पाहिजे. तिला मैत्रिणीशी बोलायला जो पाव तास मिळतो, त्याची किंमत हे माहीत असल्याशिवाय कळणार नाही.

हे वास्तव आमच्या जिल्ह्याने लिहिलेच नाही असे नाही. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ 1984 साली आले. सांगोला तालुक्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली, किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’. उपासाचे, शाळेच्या पायरीवरचे, अपमानाचे तपशील यांच्याइतके नेमके मराठीत क्वचितच कुठे सापडतील. मग कथेने वेगळे काय करायचे? आत्मकथन तगून राहिलेला माणूस लिहितो. पानोपानी वाचकाला ठाऊक असते की हे पोर शिकणार, लिहिणार. जी मुलगी दहावीच्या आधीच बोहल्यावर चढली, तिचे आत्मकथन बहुधा येतच नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 22 टक्के स्त्रियांचे लग्न 18 पूर्ण होण्याआधी झाले होते. शाळेच्या हजेरीपटावर अशी मुलगी आधी गैरहजर दिसते आणि मग दिसेनाशी होते. तिच्यासाठी कल्पितच लागते.

सिनेमाने हे ओळखले. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त जब्या डुकरे पकडतो, पण त्याला हवी असते काळी चिमणी, आणि आवडणारी शालू. हाल तेवढे खरे आणि हौस खोटी, असे मानणाऱ्या दुःखाच्या याद्या आम्हालाही नकोत. अशा याद्या मुलांविषयी नसून मोठ्यांच्या कणवेविषयी असतात. ‘सैराट’मुळे (2016) पोरे बिघडतील अशी ओरड झाली. पण तो सिनेमा नायक-नायिका पळून गेल्यावरही थांबत नाही. हैदराबादची झोपडपट्टी, डोशाची गाडी, कारखान्यातले काम, न कळणारी तेलुगू आणि पैशांच्या ताणातली भांडणे तो दाखवतो. पळून जाण्याचा हिशेब इतका उघडा मांडणारी कादंबरी किशोरांच्या हाती आपण अजून दिलेली नाही.

मुलांना आधार हवा, काळोख कशाला, हा आक्षेप प्रेमापोटी येतो आणि त्याचा आम्ही आदर करतो. पण आदर्श म्हणून पिढ्यान्‌पिढ्या दिलेल्या ‘श्यामची आई’त कर्ज आहे, जप्तीची नामुष्की आहे, आईचा मृत्यू आहे. साने गुरुजींनी मुलांपासून गरिबी लपवली नाही, आणि मुले ते वाचून खचली नाहीत. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: जे जगले नाही ते लेखकाने लिहावे का? आमचे मत असे, की लिहावे, पण आधी त्या घरात बसून पाने कापायला किती वेळ लागतो हे पाहावे, आणि मुलीच्या तोंडी आपली मते घालू नयेत. या अंकासाठी आलेल्या कथांपैकी ज्या आम्ही घेतल्या, त्यांत कुठे भाषा अडखळते, कुठे शेवट घाईत उरकला आहे. तरी त्या घेतल्या, कारण त्यांतल्या मुलींना संध्याकाळी काय काम असते हे लिहिणाऱ्यांना माहीत आहे.